बाबांची दाढ आणि दोन मिलिमीटरचा हिशेब

"अगं, डॉक्टर म्हणतायत कॉम्प्युटर गाईडेड इम्प्लांट करू. पण त्याचे पैसे वेगळे पडतील. करू का? का उगाच धंदा आहे सगळा?"

रविवारचा व्हिडिओ कॉल. इकडे बॉस्टनमध्ये सकाळ, तिकडे नाशकात संध्याकाळचा चहा. बाबांची खालची डावी दाढ दोन वर्षांपूर्वी काढली. रूट कॅनाल केलेली होती, पण मुळाशी चिरली होती. तेव्हापासून ते एकाच बाजूने जेवतात. आता तिथे 'फिक्स दात' बसवायचं ठरलं होतं.

मी दाताची डॉक्टर नाही. माझं संशोधन वैद्यकीय प्रतिमा एकमेकींवर अचूक बसवण्याच्या गणितावर आहे, तेही मेंदूच्या एमआरआयचं. पण बाबांच्या दृष्टीने "तू स्कॅनवरच काम करतेस ना, मग तुला माहीतच असणार". शिवाय प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखाही नव्हता. आमच्या ओळखीतल्या एका काकूंना बऱ्याच वर्षांपूर्वी खालच्या जबड्यात इम्प्लांट बसवलं आणि त्यांच्या ओठाची एक बाजू कायमची बधिर झाली. चहा हनुवटीवरून ओघळला तरी त्यांना कळत नाही; समोरच्याच्या चेहऱ्यावरून कळतं. बाबांनाही त्या काकू आठवत होत्या, फक्त ते तसं म्हणाले नाहीत.

म्हणून मी दोन दिवसांची मुदत मागितली आणि वाचायला बसले. त्यातून जे समजलं ते तुमच्यासाठी. तुमच्याही घरातून असा फोन कधी तरी येईलच.

आधी, इम्प्लांट म्हणजे काय?

कवळी हिरडीवर टेकते. ब्रिज शेजारच्या दातांच्या आधाराने उभा राहतो. इम्प्लांट हे कृत्रिम मूळ असतं: साधारण ४ मिलिमीटर जाडीचा आणि १० मिलिमीटर लांबीचा टायटेनियमचा स्क्रू. तो जबड्याच्या हाडात बसवतात आणि हाड धरलं की त्यावर कॅप लावतात.

याची सुरुवात दातांपासून झालीच नाही. १९५०च्या दशकात पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे स्वीडिश संशोधक सशांच्या हाडातलं रक्ताभिसरण पाहत होते. त्यासाठी हाडात बसवलेली टायटेनियमची उपकरणं प्रयोग संपल्यावर काढायला गेले, तर ती निघेनात. हाड धातूला घट्ट चिकटलं होतं. टायटेनियमच्या पृष्ठभागावर ऑक्साईडचा पातळ थर असतो आणि शरीर त्याला परकं मानून दूर ढकलत नाही. १९६५ साली योस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात पहिले इम्प्लांट बसले. ते २००६ मध्ये वारले तोपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त काळ, ते टिकले.

तेव्हा हाड टायटेनियम धरतं की नाही हा प्रश्न जुना झाला. आजचा प्रश्न आहे तो स्क्रू नेमका कुठे, किती तिरका आणि किती खोल बसवायचा.

जबड्याचा भूगोल

खालच्या जबड्याच्या आत, दाढांच्या मुळांखालून एक बोगदा जातो. त्यातून नस आणि रक्तवाहिन्या जातात. हीच नस पुढे बाहेर पडून खालच्या ओठाला आणि हनुवटीला स्पर्शज्ञान देते. काकूंची दुखावली ती हीच नस. इम्प्लांटचं टोक आणि हा बोगदा यांच्यात किमान २ मिलिमीटर हाड शिल्लक ठेवायचं, असा सर्वसाधारण नियम आहे.

दुसरा धोका जिभेच्या बाजूला असतो. खालच्या दाढांच्या आतल्या अंगाला जबड्याचं हाड बऱ्याच लोकांत खाली जाताना आत वळतं, तिथे खळगा असतो. वरून पाहताना हाड ऐसपैस दिसतं, पण सरळ खाली ड्रिल केलं तर ते खळग्यातून बाहेर पडू शकतं. तिथल्या रक्तवाहिनीला इजा झाली तर जिभेखाली रक्त साठून श्वासावर बेतू शकतं. वरच्या जबड्यात अडचण वेगळी असते. तिथे दाढांच्या डोक्यावर सायनसची पोकळी असते, आणि दात काढून बरेच दिवस झाले असतील तर मधलं हाड काही मिलिमीटरच उरतं.

शिवाय शेजारच्या दाताच्या मुळापासून साधारण दीड मिलिमीटर अंतर हवं, आणि दोन इम्प्लांट शेजारी असतील तर त्यांच्यात ३ मिलिमीटर. म्हणजे सगळा कारभार शर्टाच्या बटणाएवढ्या जागेत, तोही रक्त, लाळ आणि जीभ सांभाळत.

पूर्वी, आणि आजही अनेक ठिकाणी, डॉक्टर हे ओपीजी नावाच्या एका लांबट एक्स-रेवरून ठरवतात. ओपीजीत नसेपर्यंतची उंची दिसते, पण चित्र थोडं मोठं झालेलं असतं आणि हे मोठं होणं सगळीकडे सारखं नसतं. गालाकडून जिभेकडे हाड किती जाड आहे, हे तर त्यात मुळीच दिसत नाही. भिंतीचा समोरून फोटो काढला तर तिची जाडी कळेल का? तसंच. अनुभवी डॉक्टर बोटांनी चाचपून आणि हिरडी उघडून अंदाज घेतात, आणि तो बहुतेक वेळा बरोबरही येतो. पण गवंडीसुद्धा भिंत नजरेने न बांधता ओळंबा लावतो.

पहिली पायरी: हाडाचा नकाशा

हा ओळंबा मिळाला तो कोन बीम सीटी या स्कॅनमुळे. दातांसाठीची ही यंत्रं १९९०च्या दशकाच्या शेवटी आली. रुग्णाच्या डोक्याभोवती एक हात फिरतो. एका टोकाला एक्स-रेचा स्रोत, दुसऱ्या टोकाला सपाट पडदा. एका फेरीत वेगवेगळ्या कोनांतून काही शे चित्रं घेतली जातात, आणि त्या सावल्यांवरून मूळ वस्तू कशी असेल ते कॉम्प्युटर मागे जाऊन काढतो. शंकूच्या आकाराच्या किरणांसाठी हे कसं करायचं याचं प्रसिद्ध सूत्र १९८४ मध्ये तीन संशोधकांनी मांडलं. ते फोर्ड मोटर कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करत होते! मोटारीच्या कंपनीतलं गणित आज बाबांच्या दाढेच्या कामी येतंय, हे मला फार आवडलं.

मिळतो तो छोट्या छोट्या ठोकळ्यांनी रचलेला जबडा. प्रत्येक ठोकळ्याची बाजू साधारण ०.१ ते ०.४ मिलिमीटर. आता तो हवा तिथे कापून पाहता येतो. नसेचा बोगदा दिसतो, खळगा दिसतो, हाडाची जाडी मोजता येते.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. रुग्ण हलला तर चित्र फिसकटतं. आणि तोंडात धातूच्या कॅपा किंवा चांदी भरलेली असेल तर तिथून चकाकत्या रेघा पसरतात आणि आजूबाजूचं झाकोळून जातं. धातू एक्स-रेला जवळजवळ अडवूनच टाकतो, त्यामुळे सावल्यांचा हिशेब तिथे चुकतो.

दुसरी पायरी: दात आणि हिरडीचा नकाशा

सीटीत हाड उत्तम दिसतं, पण हिरडीचा पृष्ठभाग आणि दातांचे बारीक कंगोरे तितके स्पष्ट येत नाहीत. त्यासाठी तोंडातला स्कॅनर लागतो. जाड पेनासारखं हे उपकरण दातांवरून फिरवलं की प्रकाशाच्या मदतीने पृष्ठभागाचं त्रिमितीय चित्र तयार होतं. ज्यांनी पूर्वी दाताचं माप देताना तोंडभर गुलाबी लगदा धरून उलटी आवरली आहे, त्यांना या शोधाचं मोल वेगळं सांगायला नको. यात एक्स-रे नसतो.

तिसरी पायरी: दोन नकाशे जुळवणं

इथे माझा प्रांत सुरू होतो, तेव्हा थोडं थांबू या.

आपल्याकडे आता दोन चित्रं आहेत. एकात हाड आहे, दुसऱ्यात दात-हिरडी. दोन्ही वेगळ्या यंत्रांतून, वेगळ्या दिशांनी आलेली. ती एकमेकांवर चपखल बसवायची. दोन्हींत समान काय आहे? दात. सीटीतही दातांचा आकार आहे आणि स्कॅनमध्येही. मग कॉम्प्युटर असं करतो: स्कॅनमधल्या प्रत्येक बिंदूसाठी सीटीतला सगळ्यात जवळचा बिंदू शोधायचा. या सगळ्या जोड्यांमधलं अंतर कमीत कमी होईल असं पूर्ण चित्र थोडं सरकवायचं, थोडं फिरवायचं. पुन्हा जवळचे बिंदू शोधायचे, पुन्हा सरकवायचं. आणखी सरकवून फरक पडेनासा झाला की थांबायचं.

कल्पना इतकी साधी आहे. तुम्ही अंधारात चावी कुलपाला लावताना हेच करता.

मेख अशी, की सुरुवात चुकीच्या जागी झाली तर ही पद्धत चुकीच्याच जागी समाधान मानून थांबते. दात एकसारखे दिसतात, त्यामुळे एक दात सरकून जुळणी झाल्याचंही घडू शकतं. म्हणून माणूस आधी दोन्ही चित्रांवर तीन-चार समान खुणा दाखवतो आणि शेवटी नजरेनं तपासतो. धातूच्या रेघांनी सीटीतले दात बिघडले असतील किंवा तोंडात दातच मोजके उरले असतील, तर जुळणी कच्ची राहते. आणि इथली चूक पुढे आपोआप दुरुस्त होत नाही. पुढचं सगळं याच जुळणीवर उभं असतं. स्क्रीनवर मात्र चित्र तितकंच देखणं दिसतं. मेंदूच्या स्कॅनवर काम करताना मी ज्याला सगळ्यात जास्त घाबरते, ते हेच.

चौथी पायरी: उलटा विचार

जुळणी झाली की आराखडा. यात मला आवडलेली गोष्ट म्हणजे काम शेवटाकडून सुरू होतं. आधी स्क्रीनवर कॅप बसवतात: समोरच्या दाताशी ती कशी टेकेल, घास कुठे चावला जाईल. मग त्या कॅपखाली स्क्रू कुठे असावा ते ठरतं. पूर्वी जिथे हाड मिळेल तिथे स्क्रू बसायचा आणि मग कॅप वाकडीतिकडी करून निभावून न्यावं लागायचं. आता नस लाल रेघेने आखतात, स्क्रूभोवती सुरक्षित अंतराचं कवच दाखवतात आणि तो नसेच्या फार जवळ गेला तर सॉफ्टवेअर इशारा देतं. ती लाल रेघ बरोबर जागी आखली गेली आहे ना, हे मात्र माणसानेच पाहायचं.

पाचवी पायरी: स्क्रीनवरून तोंडात

आराखडा तोंडात उतरवायचे तीन मार्ग आहेत.

सर्वांत रुळलेला मार्ग म्हणजे थ्री-डी प्रिंटरवर छापलेलं गाईड. दातांवर टोपीसारखी बसणारी ही रेझिनची पट्टी. जिथे इम्प्लांट हवा तिथे तिला भोक आणि बहुधा त्यात धातूची छोटी नळी. ड्रिल त्या नळीतूनच जातं, त्यामुळे जागा आणि कोन ठरलेला, आणि ड्रिलवरचा अडथळा खोली ठरवतो.

दुसरा मार्ग थेट मार्गदर्शनाचा. रुग्णाच्या दातांवर आणि ड्रिलच्या हँडलवर खुणा लावतात, कॅमेरे त्या सतत टिपतात आणि ड्रिलचं टोक या क्षणी हाडात कुठे आहे ते स्क्रीनवर दिसतं. गाडीतल्या जीपीएससारखं. ऐन वेळी आराखडा बदलता येतो हा याचा फायदा. पण स्क्रीनकडे पाहत हात चालवायचा सराव हवा.

तिसरा मार्ग यंत्रमानवाचा. अमेरिकेत २०१६च्या शेवटी 'योमी' या यंत्राला परवानगी मिळाली. त्यात ड्रिल डॉक्टरच धरतात, पण हात आराखड्याबाहेर जाऊ लागला की यंत्राचा बाहू विरोध करतो. २०१७ मध्ये चीनमधल्या शीआन शहरात एका यंत्रमानवाने डॉक्टरांच्या देखरेखीखाली एका महिलेच्या तोंडात दोन इम्प्लांट स्वतः बसवले.

बाबांच्या डॉक्टरांकडे होतं ते पहिलं, छापलेलं गाईड.

मग चूक होतच नाही?

होते, आणि ती मोजलेली आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात गाईड वापरून केलेल्या अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र केले. आराखडा आणि प्रत्यक्ष यांत सरासरी फरक हाडाच्या पृष्ठभागाशी सुमारे १.२ मिलिमीटर, स्क्रूच्या टोकाशी सुमारे १.४ मिलिमीटर आणि कोनात सुमारे साडेतीन अंश.

टोकाशी फरक जास्त का? साधा हिशेब करून पाहू. समजा नळीची लांबी ५ मिलिमीटर आहे आणि ड्रिलला तिच्यात ०.१ मिलिमीटरची ढिलाई आहे. ढिलाई हवीच, नाहीतर ड्रिल फिरणार कसं? म्हणजे दर ५ मिलिमीटरला ड्रिल ०.१ मिलिमीटर कलू शकतं. ड्रिलचं टोक नळीच्या खाली २० मिलिमीटरवर असेल, तर तिथे हाच कल ०.४ मिलिमीटर होतो. त्यात स्कॅनची, जुळणीची, छपाईची आणि गाईड बसवण्याची चूक मिळवा. या चुका कधी एकमेकींना कापतात, कधी एकाच दिशेने साचतात.

आणि सरासरी १.४ म्हणजे काही रुग्णांत याहून कमी आणि काहींत याहून जास्त. म्हणूनच नसेपासूनच्या २ मिलिमीटरला हात लावायचा नसतो. "कॉम्प्युटर आहे, मग एक मिलिमीटरपर्यंत जाऊ" असं कुणी म्हणत असेल तर त्याने तंत्रज्ञान विकत घेतलंय, पण समजून घेतलेलं नाही.

हातानेच केलेल्या शस्त्रक्रियेशी तुलना केली तर गाईडने जागा आणि कोन अधिक अचूक येतो, हे अभ्यासांत दिसतं. पण इम्प्लांट किती वर्षं टिकतो यात मोठा फरक दिसलेला नाही. भरपूर हाड, एकच दात, नस लांब असेल, तर सरावलेला डॉक्टर गाईडशिवायही उत्तम काम करतो. जागा अडचणीची असेल, अनेक इम्प्लांट असतील किंवा समोरचा दात असून दिसण्याला महत्त्व असेल, तिथे गाईडचे पैसे वसूल होतात.

गाईडची स्वतःची दुखणीही आहेत. तोंड पुरेसं उघडत नसेल तर नळी आणि लांब ड्रिल मागच्या दाढेपर्यंत पोचतच नाही. सगळे दात गेलेले असतील तर गाईड मऊ हिरडीवर टेकतं आणि सरकू शकतं. गाईडने झाकल्यामुळे थंड पाणी ड्रिलच्या टोकापर्यंत नीट जात नाही. हाड तापलं तर मरतं. १९८३ साली सशांवरच्या प्रयोगात दिसलं की ४७ अंश सेल्सिअसला एक मिनिट पुरेसं असतं. आणि मधुमेह आटोक्यात नसेल किंवा तंबाखू सुटत नसेल, तर स्क्रू कितीही अचूक बसो, हाड तो धरेलच असं नाही.

परदेशातल्या मंडळींसाठी एक सूचना. डिसेंबरच्या तीन आठवड्यांच्या सुट्टीत भारतात जाऊन दात 'उरकून' यायचा बेत आपल्यातले बरेच जण करतात. कॉम्प्युटरने आराखडा लवकर होतो. हाडाला मात्र स्क्रू धरायला सहसा तीन ते सहा महिने लागतात, आणि त्याला आपल्या तिकिटाची तारीख माहीत नसते.

बाबांचं काय झालं

दोन दिवसांनी मी फोन केला. "डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. सीटीत नस कुठे आहे आणि स्क्रूपासून किती लांब राहील? जिभेच्या बाजूचं हाड कसं आहे? आणि गाईड नीट बसलंय हे तुम्ही कसं तपासणार?"

डॉक्टरांनी प्रश्नांचा राग मानला नाही, उलट बाबांना शेजारी बसवून स्क्रीन दाखवला. नसेपर्यंत १३ मिलिमीटर हाड होतं. १० मिलिमीटरचा स्क्रू, म्हणजे ३ मिलिमीटर शिल्लक. ड्रिलचं निमुळतं टोक स्क्रूपेक्षा किंचित खोल जातं, ते धरूनही पुरेसं. पण जिभेच्या बाजूला खळगा होता आणि ओपीजीत त्याचा मागमूसही नव्हता. स्क्रू थोडा तिरका बसवावा लागणार होता. मी म्हटलं, "बाबा, गाईड करून घ्या."

ठरलेल्या दिवशी गाईड बसेना. या पट्टीला छोट्या खिडक्या ठेवलेल्या असतात. त्यांतून दाताचा माथा गाईडला टेकलेला दिसला पाहिजे. एका खिडकीत फट दिसत होती. केसाएवढी, पण होती. स्कॅनच्या दिवशी सगळं बरोबर होतं, मग आता काय झालं? बाबा जरा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "शेजारच्या दाढेतलं सिमेंट निघालं होतं. गेल्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे भरून घेतलं. एवढ्याशा कामाला तुम्हाला कशाला त्रास द्यायचा म्हटलं."

नकाशा जुना झाला होता. नव्या भरावावर गाईड अडून कलत होतं, आणि तो कल थेट स्क्रूच्या टोकापर्यंत पोचला असता. डॉक्टरांनी भूल दिलीच नाही. पुन्हा स्कॅन घेतला, पुन्हा जुळणी, पुन्हा छपाई. आठवड्याने गाईड बसलं, सगळ्या खिडक्या भरल्या आणि काम झालं. पहिलं बारीक ड्रिल झाल्यावर मध्येच थांबून त्यांनी एक्स-रे काढून दिशाही पाहिली.

त्या रात्री बाबांचा फोन आला. भूल उतरली होती.

"ओठ कळतोय का?" मी विचारलं.

"कळतोय. चहा गरम आहे, तेही कळतंय."